पाठ केलेली नजर

केनवडच्या उत्तमरावांना आयुष्यात एकच अंगाई येत होती, आणि तिला काही अर्थ नव्हता.

"ई. एफ-पी. टी-ओ-झेड. एल-पी-ई-डी..." अशी ती सुरू व्हायची आणि कडवं कडवं लांबत जायची. फौजेतून सुट्टीवर आले की पोर खांद्यावर टाकून, अंगणात एका लयीत पावलं टाकत ते ती म्हणायचे. गोपाल तिच्यावर झोपला, आणि पुढं गोपालची मुलगी सायलीसुद्धा. सायलीला शाळेत घातलं तेव्हा बाईंनी इंग्रजीतलं पहिलं अक्षर विचारलं. तिनं ठणकावून 'ई' सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. रडत घरी आली तर आजी प्रयागबाई म्हणाल्या, "तुह्या आबाची एबीसीडी मिलिटरीतली आहे माय. थे अलग असते."

ती गोष्ट सायली विसरूनही गेली होती. वाशीमच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली आणि घरी आली, तेव्हा आबा हवालदारकी सोडून कितीतरी वर्षांचे भाजीवाले झालेले होते. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं, टोपल्या भरायच्या, बाजाराला पाठवायच्या. पाण्याच्या पाटाकडेनं चालताना अजूनही ते तेच पुटपुटत असत, आणि घरातल्या कोणाचं तिकडं लक्षही जात नसे.

लक्ष गेलं ते वांग्यांकडं. आबांच्या टोपलीत किडकी वांगी येऊ लागली. पोखरलेलं भोक अगदी वरच असायचं, तरी ते वांगं टोपलीत. व्यापाऱ्यानं दोनदा माल परत केला. मग एका सकाळी आबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून म्हणाले, "गोपाल, हा इजेचा खांब मधातूनच वाकला काय रे?"

"कोनता, बाबा?" गोपालनं विचारलं.

खांब सरळ होता.

सायलीनं त्यांना एक डोळा झाकून पाहायला लावलं. डाव्यानं खांब सरळ दिसत होता, उजव्यानं वाकडा. आबांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. अकोल्याला डोळ्याचा फोटो काढला, तेव्हा उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मधोमध सूज निघाली. उपाय होता तो म्हणजे डोळ्यात द्यायचं इंजेक्शन. सूज फार दिवस राहिली तर मधली नजर गेली ती परत येत नाही, हेही तिथंच सांगितलं होतं.

माजी सैनिकाला औषध दवाखान्यातून मिळतं. पण दोन महिने झाले तरी इंजेक्शन काही मिळेना. गोपाल आबांना घेऊन दोनदा वाशीमच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात जाऊन आला, आणि दोन्ही वेळा एकच उत्तर घेऊन आला: सूज आहे, पण नजर सहा बाय सहा आहे. नजर चांगली असेल तर थांबायचं, असा नियम आहे. इंजेक्शनचे भाव चढलेत, त्यामुळे नजर उतरल्याचं तक्त्यावर दिसल्याशिवाय मंजुरी नाही.

"सहा बाय सहा?" सायली म्हणाली. "बाबा, काल आबांनी चहा कपाच्या बाजूला ओतला."

"मी काय सांगू? माह्यासमोर धडाधडा वाचलं त्याईनं. खालची बारीक ओळ बी."

सायलीला झोप येईना. दोन मापं एकमेकांशी भांडत होती, आणि दोन मापं भांडतात तेव्हा त्यातलं एक तरी चुकीचं असतं, एवढं ती कॉलेजात शिकली होती. बोट डाव्या डोळ्यावरून सरकत असेल काय? प्रकाशाचा फरक? साखर कमीजास्त? तिनं एकेक शक्यता तपासली आणि एकेक खोडली. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "बाबा, तुमी माल भरा. आबांसोबत मी जाते."

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम महिन्यातून एकदाच वाशीमला येत, आणि दुपारच्या गाडीनं परत जात. त्या दिवशी आबा आणि सायली पोचले तेव्हा व्हरांड्यातलं बाकडं भरलेलं होतं. औषधाच्या खिडकीत सुचिता बसली होती. खिडकीच्या काचेवर 'उपलब्ध नाही' अशा औषधांचा कागद होता, आणि त्याखाली जोडलेला दुसरा कागद.

"काय सुचिताबाई, तुमची पाटी तं वाढूनच राह्यली," बाकड्यावरून भाऊसिंग म्हणाले. हे मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, आबांच्याच पलटणीतले, मिशा अजून तशाच पिळलेल्या.

"भाव वाढले काका. पैसे तेवढेच येतात, त्यात औषधं कमी बसतात. मी काय करू?"

"आमच्या टायमाले बरं होतं. सगळ्या बिमारीले एकच पांढरी गोळी. पोट दुखो का पाय मोडो."

"आन् त्यानंच बरे होत होते," जगदेव म्हणाले. हे भाऊसिंगांच्या शेजारी काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"बरे कायले होतो? दुसऱ्यांदा जायची हिंमत नोती कोनाची."

बाकडं हसलं. आबा हसले नाहीत. ते ताठ बसले होते, शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून. सायलीला वाटलं, ते दवाखान्यात आलेले नाहीत, हजेरीला आलेले आहेत.

नंबर आला. तपासणीच्या खोलीत अंधार होता. खोली लहान, म्हणून तक्ता रुग्णाच्या पाठीमागं वर टांगलेला आणि समोर आरसा. तक्त्यातली अक्षरं उलटी छापलेली, ती आरशात सुलटी दिसत. शिवम नावाचा मदतनीस तक्त्याजवळ छडी घेऊन उभा होता. आबांनी हुकूम मिळण्याआधीच डावा डोळा तळव्यानं झाकला.

शिवमनं बटण दाबलं. तक्ता उजळला. छडी वरच्या अक्षरावर गेली.

"ई," आबा म्हणाले. छडी खाली आली. "एफ-पी." आणखी खाली. "टी-ओ-झेड. एल-पी-ई-डी."

सायलीनं एकदम मान वर केली.

ती लय तिला ओळखीची होती. एल-पीनंतर किंचित थांबणं आणि ई-डी जोडून म्हणणं. अंगणातलं चांदणं, आबांचा खांदा, बिडीचा आणि साबणाचा वास. तिनं आरशातल्या तक्त्याकडं पाहिलं, आणि तिची सगळी अंगाई तिथं काळ्या अक्षरांत, वरून खाली लहान होत गेलेली लिहिलेली होती. हसावं की ओरडावं, कळेना. आबा वाचत नव्हते. आबा म्हणत होते.

"छान," शिवम म्हणाला आणि कागदावर लिहायला लागला.

"एक मिनिट दादा," सायली घाईनं म्हणाली. "उलटं वाचायला सांगता का? खालून वर, उजवीकडून डावीकडं."

शिवमनं खांदे उडवले आणि छडी खाली नेली.

"सी-ई-टी-ओ-पी-एफ-ई-डी," आबा म्हणाले. थांबले नाहीत, अडखळले नाहीत. "डी-झेड-पी-ओ-एल-ई-एफ."

सायलीचं तोंड उघडंच राहिलं.

"फौजेतले डॉक्टर बी चालाख असतात बेटा," आबा हळूच तिच्या कानाशी म्हणाले. त्यांच्या आवाजात नातीला फसवल्याचा आनंद होता, आणि पुढच्या क्षणी तो मावळला. आपण काय बोलून गेलो, हे त्यांना उशिरा कळलं.

"आबा, तुम्हाला दिसतं का ते?"

आबांनी डोळ्यावरचा तळवा काढला. मग म्हणाले, "छडी दिसते."

"आणि अक्षरं?"

"छडी उठली का तोंड चालू होते. सवय आहे. त्याले मी काय करू."

सायलीच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. सूज पडद्याच्या मधोमध होती. मधलं पुसट, कडेचं शाबूत. अक्षर ओळखायला मधली नजर लागते, छडी कुठं आहे हे कळायला कडेची पुरते. आबांना ओळ कळत होती, अक्षर कळत नव्हतं, आणि अक्षर कळायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. दोन मापांमधलं चुकीचं माप सापडलं होतं.

ती तशीच बाजूच्या खोलीत डॉक्टर मॅडमपुढं जाऊन उभी राहिली. "मॅडम, त्यांना तक्ता पाठ आहे. वरून खाली आणि खालून वर. मी लहानपणापासून ऐकलाय."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्यांना राग आला नाही, नवल वाटलं. "ओळ कशी कळते मग?"

सायलीनं छडीचं सांगितलं. मॅडमनी मान हलवली, पण पेन उचललं नाही. "तुझं म्हणणं मला पटतंय. पण मला पटून चालत नाही. हे इंजेक्शन इतकं महाग झालंय की माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर वरून प्रश्न येतो. मला मोजलेली नजर लिहावी लागते, ऐकलेली नाही."

"दुसरा तक्ता नाही? निरक्षरांसाठीचा, नुसत्या ईचा?"

"होता," दारातून शिवम म्हणाला. "भिंती रंगवल्या तेव्हा काढला, मग दिसला नाही. नवीन मशीन मागितलं होतं, पण पैसे औषधांनाच पुरत नाहीत."

"मी बनवला तर?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "माझी ऑटो दीडला येते. त्याच्या आधी मला बरोबर मापाचं काही दाखवलंस, तर मी स्वतः तपासेन. माप चुकलं तर नाही."

तास उरला होता. सायली धावतच खिडकीशी गेली. "ताई, रिकामं खोकं आहे का? जाड पुठ्ठ्याचं. आणि काळा मार्कर, पट्टी, कात्री."

"कात्री माझी आहे, परत दे," सुचिता म्हणाली आणि गोळ्यांचं एक मोठं खोकं काउंटरवरून सरकवलं.

सायली व्हरांड्याच्या पायरीवर बसली. सहा मीटरवरून नीट नजरेला जे सगळ्यात लहान अक्षर ओळखू येतं, ते डोळ्याशी एका अंशाच्या बाराव्या भागाचा कोन करतं. हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते, पण त्याचा कोणाला उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. तिनं मोबाईलवर गणित केलं. पावणेनऊ मिलिमीटरला जरा कमी. त्याच्या दुप्पट पुढची पायरी, आणि दहापट सगळ्यात मोठं. प्रत्येक रेघेची जाडी उंचीच्या पाचव्या भागाएवढी, मधली फटही तेवढीच. घाईत पहिलं लहान ई बिघडलं. तिनं श्वास घेतला, दुसरं काढलं. तेही तिरकं गेलं. तिसरं जमलं.

"काय करून राह्यली वं पोट्टी?" भाऊसिंगांनी वाकून विचारलं.

"पाठ करता येणार नाही असं अक्षर, काका."

भाऊसिंगांच्या मिशा जराशा हलल्या. परत बाकड्यावर बसताना त्यांनी जगदेवांकडं पाहिलं, आणि जगदेवांनी काठीकडं.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी पुठ्ठे पट्टीनं मोजले, रेघा मोजल्या, आणि म्हणाल्या, "बरोबर आहेत. सहा मीटर कुठं मिळतील?"

"इथंच," सायलीनं जमिनीकडं बोट दाखवलं. "दोन फुटी फरशा आहेत. दहा फरशा."

अडचण एकच होती, आणि ती तिला आता दिसली. आत आरशात ईची डावी-उजवी बाजू उलटी दिसून उत्तरांचा गोंधळ होणार. तपासणी व्हरांड्यातच करावी लागणार होती. म्हणजे बाकड्यासमोर. पलटणीसमोर.

आबा जागचे हलेनात. "घरी चाल," ते म्हणाले. "बिस्किटाच्या पुड्यासारखा पुठ्ठा घेऊन ह्या लोकाईसमोर माह्या तमाशा करतं काय?"

"आबा, आज असंच घरी गेलो तर आणखी एक महिना गेला."

"जाऊ दे. डावा हाय न्."

"डाव्यालाही सुरुवात झालीय. फोटोत होती. बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग उठले. वाटेत कोणी काही बोललं तर ऐकून घ्यायचं नाही, अशा बेतानं छाती काढून ते दहाव्या फरशीवर जाऊन उभे राहिले.

समोर शिवम. हातात पुठ्ठ्याचं ई. त्याचे तीन पाय ज्या बाजूला असतील, त्या बाजूला आबांनी हात दाखवायचा. आधी डाव्या डोळ्यानं. वर, उजवीकडं, खाली, डावीकडं. मधलं माप बरोबर, लहानातलं अर्धं बरोबर. ते मॅडमनी टिपून घेतलं.

मग आबांनी डावा डोळा झाकला.

शिवमनं मधलं माप धरलं. आबांचा हात वर आला, अर्ध्यात थांबला. ओठ हलले. "ई..." ते म्हणाले. "एफ-पी. टी-ओ..." आणि थांबले. समोर एकच अक्षर होतं, आणि त्याच्या पुढं काही नव्हतं.

शिवमनं मोठं माप धरलं. आबांनी मान जराशी तिरकी केली, कडेनं पाहायला. "मान सरळ ठेवा काका," मॅडम म्हणाल्या. आबांनी मान सरळ केली.

व्हरांड्यात खिडकीच्या काचेवर कागद फडफडल्याचा आवाज येत होता. सायलीनं मुठी आवळल्या होत्या. तिला दिशा ठाऊक होती, आणि ती सांगायची नाही, हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण गप्प बसणं होतं.

"हात दाखवा काका."

आबांचा हात खाली आला. "नाई दिसत," ते म्हणाले. मोठ्यानं, हजेरीच्या आवाजात. "पुठ्ठा दिसते. त्याच्या मधात काय आहे, थे नाई दिसत."

कोणी हसलं नाही. मॅडमचं पेन कागदावर चाललं. मग बाकड्यावरून एक जाड आवाज आला, संथ लयीत, कवायतीसारखा: "एल-पी-ई-डी. पी-ई-सी-एफ-डी."

भाऊसिंग होते. पुढची ओळ त्यांच्यासोबत जगदेवांनी धरली, आणि त्यापुढची आणखी दोघांनी. बाकडंच्या बाकडं तक्ता म्हणू लागलं, काठ्या फरशीवर ठोकत, खालच्या बारीक ओळीपर्यंत.

मॅडमच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "तुम्हा सगळ्यांना?"

"साहेब," भाऊसिंग उठले, "नजर उतरली का फौजेत मेडिकल कॅटेगरी उतरे. कॅटेगरी उतरली का बढतीची फीत गेली. रंगरूट आला का उस्ताद पहिले हेच शिकवे. मंग ह्या भाऊनं पोरं निजवली त्याच्यावर, आमी नातू निजवले. आता थे तोंडातून जात नाई."

"अहो, पण आता कोण तुमची कॅटेगरी उतरवणार आहे?"

"थे बी खरं आहे," भाऊसिंग म्हणाले. जणू हा विचार त्यांना आज पहिल्यांदाच सुचला होता.

खिडकीतून सुचितानं डोकं बाहेर काढलं. "मॅडम, म्हणूनच तर. मागच्या वर्षी किती लागली त्यावर यंदाची इंजेक्शनं येतात. आपल्याकडं कोणाची नजर उतरतच नाही, म्हणून आपला वाटा कमी केला. मला वाटलं, वाशीमचं पाणीच चांगलं असेल."

आता मात्र बाकडं हसलं, आबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही डोळे बाहीनं पुसले.

मॅडमनी ऑटोवाल्याला फोन केला आणि उशिरा यायला सांगितलं. "एकेक जण दहाव्या फरशीवर," त्या म्हणाल्या. "आणि जो उभा नसेल त्यानं डोळे मिटून बसायचं. तुमचा काही भरवसा नाही."

"लाईन धरा बे," आबा म्हणाले, आणि म्हाताऱ्यांनी खरोखर लाईन धरली, उंचीप्रमाणं. सायली पुठ्ठा फिरवत राहिली. वर, खाली, डावीकडं. तिचे हात मार्करनं काळे झाले होते आणि तिला भूक लागल्याचंही कळत नव्हतं. दहाजणांपैकी तिघांची नजर कागदावर होती त्याच्या निम्मीही निघाली नाही. जगदेवांची मात्र खरंच उत्तम होती. त्यांनी लहान ई सगळी बरोबर ओळखली, आणि ते जरा खट्टूच झाले.

आबांच्या चिठ्ठीवर मॅडमनी सही केली. मोजलेली नजर लिहून.

अकोल्याला इंजेक्शन झालं. महिन्यानं दुसरं झालं. त्या दोन महिन्यांत आबा रोज सकाळी धुऱ्यावर उभे राहत आणि खांबाकडं पाहत. काही बोलत नसत, म्हणून सायलीही विचारत नसे. प्रयागबाईंनी मात्र एकदा विचारलं, "खांब पडला का उभा आहे, सांगा तं खरं."

"थोडा सुदरला," आबा म्हणाले.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात ईचा नवा तक्ता आलेला नव्हता. शिवमनं सायलीचेच पुठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. आबा दहाव्या फरशीवर उभे राहिले आणि त्यांनी डावा डोळा झाकला.

शिवमनं मधलं माप धरलं. आबांनी घाई केली नाही. डोळा बारीक केला, उघडा केला. बाकड्यावर भाऊसिंग डोळे मिटून बसले होते, पण त्यांचा कान इकडंच होता.

आबांनी उजवीकडं हात दाखवला. बरोबर. शिवमनं पुठ्ठा फिरवला. खाली. बरोबर. पुन्हा फिरवला. आबा बराच वेळ पाहत राहिले, आणि मग वर हात केला.

"डावीकडं होतं काका," शिवम म्हणाला. "एक चुकलं."

सायलीनं आबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. पहिल्यांदा फीत लागली त्या दिवशी तो असाच उजळला असेल.

"चुकलं असंल," आबा बाकड्याकडं वळून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पन पाहून चुकलं."